कोलोरॅडोतील चांदीच्या खाणी पाहायला जावे का?

प्रश्न (विटेकर)

माझे सारे आयुष्य गलाईच्या व्यवसायात गेले. सतराव्या वर्षी विट्याहून कोइमतूरला गेलो आणि पुढची चाळीस वर्षे भट्टीसमोर बसून लोकांचे सोने-चांदी गाळून दिले. पण ज्या चांदीवर आमच्या खानापूर तालुक्यातील कित्येक घरे उभी राहिली, ती जमिनीतून कशी निघते हे मी कधी पाहिलेले नाही. मुलगा डेन्व्हरला नोकरीस असून सप्टेंबरात आम्ही उभयता बारा दिवसांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. लेडव्हिल हे खाणींचे जुने गाव पाहण्याची फार इच्छा आहे, मात्र ते बरेच उंचावर असल्याचे कळते आणि पत्नीला रक्तदाबाचा त्रास आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (कृष्णाकाठ, सांगली)

काका, जरूर जावे, पण पोहोचल्या पोहोचल्या नको. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर, डेन्व्हर १,६०० आणि लेडव्हिल ३,०९४ मीटर उंचीवर आहे. माझ्या आईवडिलांना आम्ही तिसऱ्याच दिवशी तेथे मुक्कामाला नेले, ही आमची चूक झाली. आईचे डोके रात्रभर ठणकत होते, आणि पातेल्यात लावलेली तुरीची डाळ दीड तास उकळूनही कच्चीच राहिली, कारण तेथे पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते. डेन्व्हरला पाच-सहा दिवस राहून मग सकाळी निघावे आणि संध्याकाळी परतावे. मोटारीने दोन-अडीच तास लागतात. काकूंच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

प्रतिसाद (कराडकर)

गलाईवाल्या माणसाने लेडव्हिल पाहायलाच हवे. तेथे १८६० मध्ये ओढ्याच्या वाळूत सोने सापडले आणि काही वर्षांतच ते संपत आले. सोने धुणाऱ्यांच्या पन्हळीत जी जड काळी वाळू अडकून बसे, तीत शिशाबरोबर भरपूर चांदी असल्याचे १८७० च्या दशकात उघड झाले. गावाचे नावही त्या शिशावरूनच पडले. होरेस टेबर हा तेथील दुकानदार या चांदीवर गर्भश्रीमंतांना लाजवील इतका धनवान झाला. पुढे जून १८९३ मध्ये इंग्रज सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे हिंदुस्थानच्या टाकसाळींत बंद केले, त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारनेही चांदीची ठरावीक खरेदी थांबवली, आणि भाव कोसळून खाणी धडाधड बंद पडल्या. आपल्या रुपयाशी त्या डोंगरातील मजुराची भाकरी अशी बांधलेली होती. टेबरचेही सारे गेले. त्याची मॅचलेस खाण आणि जेथे त्याची पत्नी १९३५ मध्ये एकाकी मरण पावली ते लाकडी खोपट अवश्य पाहावे.

प्रतिसाद (मिरजेची लेक)

काकूंना ती उंची मानवणार नसेल, तर डेन्व्हरपासून तासाभरावरचे जॉर्जटाऊन बरे. ते सुमारे २,६०० मीटरवर आहे. तेथील छोटी आगगाडी पाहून मला मिरजेहून सुटणारी जुनी बार्शी लाइट आठवली. याच गाडीने लेबनॉन या चांदीच्या खाणीपाशी उतरून आत जाता येते. आत बाराही महिने गारठा असतो, म्हणून स्वेटर न्यावा. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते: हे डोंगर यूट या तेथील मूळ रहिवासी लोकांचे होते आणि १८८१ मध्ये त्यांतील बहुतेकांना पश्चिमेकडे यूटामध्ये हाकलण्यात आले. खाणी पाहताना तेही ध्यानात असू द्यावे.

विटेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधी दोघे जॉर्जटाऊनला जाऊ. हिला तेथे त्रास झाला नाही, तरच नवव्या दिवशी लेडव्हिल, नाहीतर मी आणि मुलगा जाऊन येऊ. ती काळी वाळू कोठे पाहायला मिळते, हे कराडकरांनी कृपया कळवावे.