दारू सोडून तिसरा दिवस, मिस्टरांना भिंतीवर मुंग्या दिसतायत

कृष्णाकाठ:
आमचे मिस्टर सोळा वर्षं रोज पितात. परवा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली, तेव्हापासून थेंब नाही. पण झोप उडालीय, घामाने बनियन भिजतं, चहा धरला की निम्मा बशीत सांडतो. आज पहाटे भिंतीवरच्या मुंग्या झटकत होते. भिंत स्वच्छ होती. सासूबाई म्हणतात, दोन घोट पाज, शांत होईल. पाजली तर शपथ मोडते. काय करू?

गॅरेजवाला:
ताई, आधी १०८ ला फोन करा, पुढचं नंतर वाचा. हे घरी निभावणारं दुखणं नाही. इतक्या वर्षांची दारू एकदम तोडली की पहिल्या चार दिवसांत भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. किती प्यायचे, शेवटची कधी घेतली, ते डॉक्टरांना खरं सांगा, लाजू नका. औषधाने कापरं उतरतं. शपथ कुठे जात नाही, पण तिच्या जोरावर अंग सावरत नसतं.

मी चार वेळा घरीच सोडली आणि चारही वेळा पुन्हा धरली. शेवटी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस राहिलो. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं, त्यामागे पु.ल. आणि सुनीताबाईंची देणगी होती. त्या सगळ्यांचं माझ्या घरावर ऋण आहे.

खरी परीक्षा मात्र परतल्यावर लागली. संध्याकाळी सातला शटर ओढलं की पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे. धाकटा भाऊ तीन महिने रोज त्या वेळेला शटरपाशी येऊन उभा राहिला. उपदेशाचा एक शब्द नाही. खिशातून लिमलेटची गोळी काढायचा, हातावर ठेवायचा आणि मागच्या गल्लीने मला घरी आणायचा. पुढे ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जाऊ लागलो. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत. आज नऊ वर्षं झाली, अजून जातो. कुठलं केंद्र जवळ आहे ते १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा, फोन फुकट आहे.

सहचरी:
गॅरेजवाले दादा म्हणतात ते आधी करा. मी फक्त तुमच्यापुरतं सांगते. मी अकरा वर्षं ह्यांच्या साहेबांना फोन करून 'ताप आलाय' सांगत होते. अल-अनॉनच्या मीटिंगला बसले तेव्हा कळलं, तो ताप मीच सांभाळत होते. ती मीटिंग घरच्यांसाठी असते, नवरा येवो न येवो, तुम्ही जा.

कृष्णाकाठ:
दुपारीच अॅडमिट केलं. सलाइन चालू आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आत्ता झोपलेत, तीन रात्रींत पहिल्यांदा. दिराला शटरचं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "वहिनी, दादाची शिफ्ट सुटेल तेव्हा कारखान्याच्या गेटवर मी असेन."