मदत हवी आहे: व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं सोन्याचं नाणं घेताना काय तपासावं?

दख्खनी: मुक्काम म्युनिक. ऑस्ट्रियाच्या टाकसाळीचं वाद्यांचं नाणं गुंतवणुकीसाठी घ्यायचं आहे. १ औंसाचं एकच घ्यावं की १/१० औंसाची दहा? एका खासगी विक्रेत्याकडच्या नाण्यावर युरो नाही, २००० शिलिंग छापलंय. ते चालेल का? आणि पुढे पुण्यात विकता येईल का?

तोळामासा: शिलिंग पाहून बिचकू नका. हे नाणं १९८९ पासून निघतं. २००२ पासून १ औंसावर १०० युरो आलं, त्याआधी २००० शिलिंग असायचं. सोनं दोन्हींत सारखंच: ३१.१०३ ग्रॅम, शुद्धता ९९९.९. भाव सोन्याचा मिळतो, छापील किमतीचा नाही.

दहा छोटी घेतलीत तर तेवढ्याच सोन्याला बरेच जास्त पैसे जातील, कारण घडणावळ प्रत्येक नाण्यावर वेगळी बसते. थोडं थोडं विकायची सोय हवी असेल तर १/४ औंसापर्यंत उतरा. १/२५ औंसाचं भेट द्यायला छान, गुंतवणुकीला नको.

कसोटी: खासगी विक्रेता म्हणताय म्हणून तपासणीचं सविस्तर लिहिते. व्यास ३७ मिमी, जाडी २ मिमी, कडेला बारीक दाते. एका बाजूला व्हिएन्नातल्या म्युझिकफेराइन या संगीतगृहाच्या सुवर्ण सभागृहातला ऑर्गन, दुसरीकडे मधोमध चेलो आणि भोवती व्हायोलिनं, हार्प, हॉर्न, बासून. ओतीव नकलेत चेलोच्या तारा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. भिंगातून आधी तिथेच बघा.

मग पाण्याची चाचणी. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. १.६१ ग्रॅम यायला हवं, हे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. तेवढ्याच वजनाचं २२ कॅरट १.७५च्या आसपास जातं.

नकली नाण्याच्या आत टंगस्टन हा धातू भरलेला असेल तर मात्र तो या चाचणीत सापडत नाही, त्याची घनता जवळपास सोन्याइतकीच आहे. सराफाचं एक्स-रे यंत्रही फक्त वरचा थर बघतं. त्यासाठी विद्युतवाहकता किंवा अल्ट्रासाऊंडचं यंत्र लागतं. ते असलेल्या दुकानातच विक्रेत्याला भेटायला बोलवा. तो नाही म्हणाला तर व्यवहार सोडा.

तोळामासा: पुण्याचं म्हणाल तर तिथे विकायचं म्हणून हे नाणं घेऊच नका. सराफ वजन आणि कस बघून भाव देतो, नाण्यासाठी मोजलेले वरचे पैसे परत येत नाहीत. शिवाय त्यावर भारतीय हॉलमार्क नसतो, त्यामुळे आटवून बघू म्हणतील. भाव लेखी ठरल्याशिवाय आटवू देऊ नका.

विमानतळावर पुरुषाला २० आणि बाईला ४० ग्रॅमची सूट असते ती दागिन्यांना, नाण्याला नाही. सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करा. परदेशात सहा महिने राहिलेल्या भारतीयाला सवलतीच्या दराने शुल्क भरून आणता येतं. दर निघण्याआधी बघून घ्या आणि स्वतःच्या नावाची पावती जवळ ठेवा. जर्मनीतच विकलंत तर एक वर्षानंतरच्या नफ्यावर कर नाही.

दख्खनी: मग जर्मनीतच ठेवतो. पाण्यात १.६५ आलं तर नाणं खोटं समजायचं का?

कसोटी: लगेच नाही. दात्यांत हवेचा बुडबुडा अडकला किंवा दोरा जाड असला तरी आकडा वाढतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, शिवणाचा बारीक दोरा घ्या आणि तीनदा मोजा. नाणं घासू किंवा पुसू मात्र नका. २४ कॅरट मऊ असतं, चरा पडला की घेणारा भाव पाडतो.