प्लॉटर माप खातोय: आठ फुटांच्या ओळीत दीड इंच कमी, टिंबं जुळत नाहीत

कराडची_रेडियमवाली
नमस्कार. कराडला आमचं रेडियम कटिंगचं, म्हणजे मागून चिकटणाऱ्या रंगीत प्लॅस्टिक शीटमधून अक्षरं कापायचं दुकान आहे. बाबा मूळचे ब्रशचे पेंटर. ट्रकच्या फळ्या, दुकानांच्या पाट्या, नंबरप्लेटा सगळं हातानं. प्लॉटर, म्हणजे संगणकावरून अक्षरं कापणारं मशीन, मी घेतला, २८ इंची, चिनी बनावटीचा, वापरलेला. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लागूनच येते, त्यामुळे नंबरप्लेटचं काम आमच्या हातून जवळजवळ गेलं. आता दुकान चालतं ते टँकर, टेम्पो आणि शाळेच्या बसवरच्या अक्षरांवर, म्हणून हे मशीन बिघडलं की घरात कुणाला झोप लागत नाही.

परवा एका गावच्या पाण्याच्या टँकरचं काम होतं. बाबांनी खडूची दोरी मारून बरोबर २४०० मिमी जागा आखली होती. 'ग्रामपंचायत'पासून गावाच्या नावापर्यंत अख्खी ओळ चिकटवली आणि शेवटच्या अक्षरापुढे दीड इंच पत्रा मोकळाच राहिला. बाबा एवढंच म्हणाले, "बारा सूत कमी आहे." फाईलमध्ये माप बरोबर आहे, तीनदा बघितलं.

एवढ्यावर थांबत नाही. 'पं'वरचं टिंब जिथून कापायला सुरू होतं तिथं येऊन मिळत नाही, बारीक फट राहते आणि सोलताना टिंब बाजूच्या रेडियमबरोबर उचललं जातं. शिरोरेषेचे कोपरे गोल येतात. लांब ओळ असेल तर शिरोरेषेची वरची आणि खालची कड शेवटाकडे समांतर राहत नाही.

अक्षरं वेल्ड केलेली, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जोडून एकच आकृती केलेली आहेत, जोडाजोडावर आडव्या रेघा पडण्याची भानगड नाही. दोन आठवड्यांपूर्वी संगणक फॉरमॅट करून घेतला आणि त्याच सुमारास पातंही नवीन टाकलं. मेकॅनिक म्हणतो मदरबोर्ड बदला, साडेनऊ हजार. तेवढे पैसे घालण्याआधी तुम्हाला विचारते.

इचलकरंजी_ऑफसेट
ताई, मदरबोर्डला हात लावू नका. आधी पातं. आपल्या मशीनमधलं पातं ओढत चालतं, त्याचं टोक होल्डरच्या मध्यावर नसतं, थोडं मागे असतं. नेहमीच्या पात्याला हा फरक ०.२५ मिमी. तेवढा ऑफसेट दिलेला नसेल तर कोपरे गोल येतात आणि टिंब जुळत नाही. जास्त दिला तर उलटं, कोपऱ्यावर शिंगं येतात. फॉरमॅट केल्यावर सॉफ्टवेअरमधला ऑफसेट शून्यावर गेला असणार. आणि तो एकाच जागी द्या, एकतर सॉफ्टवेअरमध्ये नाहीतर मशीनच्या पॅनलवर. दोन्हीकडे दिला की दुप्पट होतो.

होल्डर उघडून बघा. पातं बोटानं फिरवल्यावर सहज गरगर फिरलं पाहिजे. आतल्या बेअरिंगमध्ये गोंद आणि रेडियमचे कण अडकतात, मग पातं वळणावर वळायला उशीर करतं. आणि पातं फार बाहेर काढू नका. साधं रेडियम जेमतेम ०.०८ मिमी जाड असतं. चाचणीचा चौकोन कापून सोला, खालच्या कागदावर नुसता ओरखडा दिसला पाहिजे, कागद कापला जाता कामा नये.

नाशिक_मशीन_दुरुस्ती
वरचं सगळं बरोबर, पण त्यानं दीड इंच भरून येणार नाही. ऑफसेटची चूक ओळ २०० मिमीची असो की २४०० ची, तेवढीच राहते. तुमची चूक लांबीबरोबर वाढतेय का ते आधी कळलं पाहिजे. ५०० बाय ५०० मिमीचा चौकोन कापा आणि स्टीलच्या पट्टीनं दोन्ही बाजू मोजून इथं लिहा. कापडी टेप नको. एकच बाजू कमी भरली तर दोष मशीनमध्ये: रेडियम पुढेमागे नेणारा रोलर घसरतोय किंवा डोक्याचा, म्हणजे पातं घेऊन आडव्या फिरणाऱ्या भागाचा, पट्टा सैल आहे. मशीन बंद करून डोकं बोटांत धरून हलवा, खडखडलं तर पट्टा नाहीतर पुलीचा स्क्रू. दोन्ही बाजू सारख्याच कमी भरल्या तर मात्र मशीन निर्दोष आहे.

कराडची_रेडियमवाली
मोजलं. दोन्ही बाजू ४९२ मिमी. बाबांनी त्यांच्या पट्टीनं वेगळं मोजलं, तेवढंच आलं. मग टँकरच्या अक्षरांची उंची मोजली, ती ३०० ऐवजी २९५ च्या आसपास आहे. उंची मोजायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. डोकं हलवून बघितलं, खडखड नाही. होल्डरमध्ये खरंच गोंद होता. स्पिरिटनं पुसल्यावर पातं मोकळं झालं. ऑफसेट शून्यच होता, ०.२५ केला. टिंब आता असं जुळतं की जोड शोधावा लागतो.

नाशिक_मशीन_दुरुस्ती
ताई, ४९२ म्हटल्यावर सापडलं. प्लॉटर ज्या आज्ञा वाचतो त्यात एक पाऊल ०.०२५ मिमीचं धरतात, म्हणजे मिमीला ४० पावलं आणि इंचाला १०१६. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये इंचाला १००० निवडलं गेलंय. ते एका इंचासाठी १००० पावलं पाठवतं, मशीन तेवढीच चालतं आणि इंचभराची रेघ ०.९८४ इंचावर संपते. २४०० ला ०.९८४ नं गुणा, २३६२ येतात. म्हणजे ३८ मिमी कमी, तुमच्या बाबांचे बारा सूत.

कटरच्या सेटिंगमध्ये मशीनचं मॉडेल नव्यानं निवडा किंवा रिझोल्यूशन १०१६ करा. फाईलमध्ये १०१.६ टक्के करून वेळ मारून नेऊ नका. पुढच्या फॉरमॅटला कोण लक्षात ठेवणार? बदल केल्यावर तोच चौकोन पुन्हा कापून मोजा. साडेनऊ हजार वाचले.

कोल्हापूर_अक्षरकाम
शिरोरेषेच्या कडा समांतर न राहण्याची तक्रार राहिलीच, आणि मला ती सगळ्यात जवळची वाटते, कारण ती आपल्या लिपीची आहे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, एक कापून झालं की मशीन पुढच्यावर जातं. मराठी शब्द वेल्ड केला की शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच आकृती होते. कटर वरची कड कापत टोकापर्यंत जातो आणि खालच्या बाजूनं प्रत्येक अक्षरात उतरत, चढत सुरुवातीला परत येतो. तेवढ्या वेळात रेडियम केसभर जरी सरकलं तरी ती चूक शिरोरेषेत दिसते, आणि माणसाची नजर आधी जाते ती शिरोरेषेवरच.

दोन गोष्टी करा. रोल बसवताना दाबाचे रोलर खालच्या खरबरीत पट्ट्यांच्या बरोबर वर आहेत का ते खाली वाकून बघा. २४ इंची रोल २८ इंची मशीनमध्ये घातला की एक रोलर हमखास अर्धा पट्ट्याबाहेर बसतो, मग ती बाजू मागे राहते आणि रेडियम तिरकं चालतं. आणि कापण्याआधी अडीच-तीन मीटर रेडियम रोलवरून उलगडून सैल सोडा, मशीनमधून एकदा पूर्ण लांबी पुढे आणि मागे चालवा. रोल घट्ट गुंडाळलेला असेल तर मशीन प्रत्येक वेळी त्याचं वजन ओढत बसतं. पंख्याची हवा लोंबत्या टोकावर येत नाही ना, तेही बघा.

एवढं करूनही दोन मीटरच्या पुढे मी एका तुकड्यात कापत नाही. शब्दाच्या मध्ये, दोन अक्षरांच्या जोडावर शिरोरेषा तोडते आणि दोन तुकडे २ मिमी एकमेकांवर येतील असं ठेवते. काना किंवा वेलांटीजवळ तोडू नये, जोड डोळ्यात भरतो. पत्र्यावर लावताना तुमच्या बाबांची दोरी आहेच.

सोलापूर_विनायल
कापताना मध्येच भलतीच रेघ मारत नाही ना? मारत असेल तर अर्थिंग तपासा आणि यूएसबी केबल आखूड लावा.

कराडची_रेडियमवाली
भलती रेघ नाही मारत, धन्यवाद.

रिझोल्यूशन १००० च होतं. १०१६ केलं, चौकोन ५०० बाय ५००. डावा रोलर खरंच पट्ट्याबाहेर होता, वाकून बघेपर्यंत दिसत नव्हता. टँकरची ओळ तीन तुकड्यांत पुन्हा कापली, जुनी अक्षरं हेअर ड्रायरनं गरम करून काढली. आज सकाळी लावली. बाबांनी सुरुवातीपासून शेवटापर्यंत दोरी धरून बघितली आणि दोरी खिशात ठेवली. पुन्हा मोजायला सांगितलं नाही.

कोल्हापूरच्या ताई, जोड वेलांटीपासून दूर ठेवायचं तुमचं सांगणं त्यांना फार पटलं. हातानं रंगवताना ब्रश उचलायची जागा ते तशीच निवडायचे म्हणाले.

आता शाळेच्या बसचं काम आलंय, त्याला मागे रिफ्लेक्टिव्ह शीट हवी आहे. तीही याच ४५ अंशाच्या पात्यानं कापू का?

इचलकरंजी_ऑफसेट
नको, तिला ६० अंशाचं पातं घ्या. ती शीट जाड असते, ४५ चं टोक लवकर मोडतं. दाब थोडा थोडा वाढवा, वेग निम्म्यावर आणा. आणि नव्या पात्याच्या पाकिटावर ऑफसेट लिहिलेला असतो, तो वाचून मगच घाला. काही पात्यांना ०.५० लागतो.