मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियाच्या १७ वर्षांखालील फुटबॉल संघातून खेळल्यावर भारताकडून खेळता येतं का?

नमस्कार मंडळी. माझ्या आतेभावाचा मुलगा जन्मापासून मेलबर्नला आहे. पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा, शिवाय ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). ऑस्ट्रेलियाच्या १७ वर्षांखालील संघाच्या शिबिराचं बोलावणं आलंय. सगळे खूश, पण आजोबांनी खोडा घातला: "पुढे भारताकडून खेळायची वाट कायमची बंद होईल."

ओसीआयवर भारतीय संघात घेत नाहीत, नागरिकत्वच लागतं, एवढं पक्कं. फुटबॉलपटू आरता इझुमीने त्यासाठी जपानचा पासपोर्ट सोडला होता. अलीकडे, २०२५ मध्ये, रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा सोडला. त्याची आई मुंबईची. पण विल्यम्स ऑस्ट्रेलियाकडून खेळला तो सामना मैत्रीपूर्ण होता, म्हणून त्याची वाट बंद झाली नाही. उलट मुनीर एल हद्दादी हा खेळाडू २०१४ मध्ये स्पेनकडून युरो पात्रता फेरीत जेमतेम पंधरा मिनिटं खेळला आणि अडकला. २०२० मध्ये फिफाने नियम सैल केल्यावरच मोरोक्कोकडून उतरू शकला.

माझा प्रश्न आशियाई पात्रता फेरीचा. तिथे हा मुलगा ऑस्ट्रेलियाकडून खेळला, आणि त्या दिवशी त्याच्याकडे भारतीय नागरिकत्व नसेल, तर नंतर संघ बदलून भारताकडून खेळायची परवानगी मिळते का? नुसत्या सराव शिबिराने काही बिघडतं का? फिफाची नियमावली वाचलेलं किंवा असं प्रकरण हाताळलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. होकार लवकर कळवायचाय.