मदत हवी आहे : साधा प्रश्न विचारला तरी लोक हेतू का शोधतात?

मंडळी, नाथषष्ठीला आम्ही सगळे पैठणला जमलो होतो. जेवणं उरकल्यावर ओसरीवर गप्पा रंगल्या. मी विचारलं, "काका, नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे. त्यांचे गुरू चांद बोधले सूफी होते असं काही अभ्यासक म्हणतात, ते कशावरून?" काकांनी अडकित्त्यात धरलेली सुपारी तशीच राहू दिली. "हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?" एवढंच म्हणाले आन् उठून गेले. महिना झाला, नीट बोलत नाहीत.

नंतर शेजारच्या चाचांना विचारलं, मजारीवर चादर का चढवतात? तेही आधी सावधच झाले. "का रे, काय झालं?" मला फक्त समजून घ्यायचं होतं हो.

ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली याच्या मुळाशी असलेली चूक मांडली होती. दुसऱ्याचं वागणं दिसलं की आपण त्याची परिस्थिती बघत नाही, थेट स्वभावाला दोष देतो. धर्माच्या बाबतीत त्यात भीतीही मिसळते, असं मला वाटतं. आधी कुणी टोमणे मारले असतील तर पुढचा प्रश्नही टोमणाच वाटणार.

आपल्या नाथांनीच 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघं कडाकडा भांडतात, एकमेकांचं सगळं काढतात, पण शेवटी समेट होतो.

मला काकांशी पुन्हा बोलायचंय. सुरुवात कशी करू? आधी माफी मागू, का प्रश्नामागचं कारण सांगू? तुमच्या घरात असं झालं असेल तर पहिलं वाक्य काय बोललात, तेवढं सांगा.