साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर हवेत थांबणारा पक्षी: खरुची की कापशी?

पठारावरचा: पवनचक्क्यांच्या पलीकडे पारव्याएवढा एक पक्षी पंख मारत हवेत एकाच जागी थांबतो, मग खाली उतरतो. उन्हाच्या विरुद्ध नुसता काळा दिसतो. ओळखायचा कसा? आणि घारीला जमत नाही ते याला कसं जमतं?

माणदेशी: खरुची म्हणजे छोटा ससाणा, कापशी म्हणजे छोटा पांढरा-राखाडी शिकारी पक्षी. रंग सोडा, ठेवण बघा. खरुचीची शेपूट लांब, उजेड असेल तर टोकाशी काळा पट्टा. कापशीची आखूड, पांढरी. उतरताना तर चूक होतच नाही. कापशी पंख वर उंच धरून, पाय सोडून तरंगत येते. खरुची टप्प्याटप्प्यानं, मध्ये थांबत, आणि शेवटी एकदम झेपावते. कापशी बारा महिने, खरुची मुख्यतः हिवाळ्यात.

थांबण्याचं म्हणाल तर पक्षी थांबलेला नसतोच. वाऱ्याकडे तोंड करून वाऱ्याच्याच वेगानं पुढे उडत असतो, म्हणून जमिनीवरून स्थिर दिसतो. इतक्या कमी वेगात पंखावरून वाहणारी हवा पंखापासून सुटली की वर धरणारी उचल जाते. ते टाळायला शेपूट पूर्ण पसरते आणि पंखाच्या पुढच्या कडेची अंगठ्याची पिसं उभी राहतात. धड हेलकावतं, डोकं मात्र जागचं हलत नाही; मान लांब-आखूड होऊन धक्के पचवते. दुर्बिणीत हे जरूर बघा.

वारा पडला की नुसते पंख मारून टिकणं फार महागात पडतं. तेव्हा आकाशात शोधत बसू नका, विजेच्या तारा आणि खांब बघा. उलट कड्याला धडकून वारा वर चढतो तिथे पंख जवळजवळ न हलवताही थांबता येतं.

कृष्णाकाठ: घारीचा हिशेब वेगळा. तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेत ती घिरट्या घालते, कारण तो झोत अरुंद असतो. सरळ गेली तर बाहेर पडेल. म्हणून कातळ तापेपर्यंत ती उंचावर फारशी दिसत नाही.

मारण्याची तऱ्हाही निराळी. खरुची ससाण्यांपैकी, चोचीच्या कडेला दातासारखं टोक असतं, त्यानं मानेचा मणका तोडते. कापशी नखांनी आवळते.

माणदेशी: एक राहिलं. याच पठारावरचा भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झालाय. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी, सरडे जास्त आणि कमी बुजरे. म्हणजे सरडे मुबलक दिसले म्हणून तिथेच ठाण मांडू नका, पवनचक्क्या नसलेल्या बाजूला जा. आणि गाडीतूनच बघा. माणूस उतरला की खरुची तार सोडते.