मदत हवी आहे: रस्त्यांच्या जाळ्यातले नाजूक दुवे कसे शोधायचे?

नमस्कार मंडळी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला. असा कुठला दुवा गेला तर कुठली गावं दवाखान्यापासून तुटतील, हे महाड-पोलादपूर भागासाठी पावसाळ्याआधी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडायचं आहे.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले रस्ते ओएसएमएनएक्स या पायथन लायब्ररीने उतरवले, रस्त्यांच्या एकेरी-दुहेरी दिशा काढून टाकल्या आणि ज्यांच्यावाचून जाळं दुभंगतं असे दुवे नेटवर्कएक्स या जाळ्यांचं गणित करणाऱ्या लायब्ररीने काढले. पण वाडीत जाऊन संपणारा प्रत्येक रस्ता त्यात येतो. उलट भोरकडे जाणारा वरंध घाट येतच नाही, कारण दुसरी वाट आहे. ती केवढ्या वळशाची, हे त्या गणितात धरलेलंच नसतं. बिट्वीननेस, म्हणजे सगळ्यात जवळच्या वाटांपैकी किती वाटा एखाद्या दुव्यावरून जातात ते, काढलं तर महामार्गच वर येतो, त्यातून नवं काही हाती लागत नाही.

मग एकेक दुवा वगळून दवाखान्यापर्यंतचा वेळ पुन्हा मोजावा का? हजारो दुव्यांसाठी ते झेपेल, की आधी चाळणी लावावी? आणि हद्दीबाहेरचे रस्ते किती अंतरापर्यंत घ्यावेत? तालुक्याच्या सीमेवर कापलं की भोरकडची वाट नकाशातून जाते. कुणी असं काम केलं असेल तर पद्धत जरा सविस्तर सांगा.